पहिलीच्या आधी घरी काय करून घ्यायचं?

वाद पेटला तो भाऊच्या एका वाक्यावरून. "पहिलीत जायच्या आधी पोराला सगळी मुळाक्षरं आणि शंभरपर्यंत अंक लिहिता आलेच पाहिजेत. नाहीतर पहिल्या महिन्यातच मागे पडतं."

पहिलीला शिकवणारे मास्तर म्हणाले, "मागे पडतं ते अक्षरांमुळे नाही रे. डब्याचं झाकण उघडत नाही, चड्डीचं बटण लागत नाही, 'मला शूला जायचंय' हे बाईंना सांगायचा धीर होत नाही. तासभर मूल त्याच घोरात असतं. फळ्याकडे लक्ष जाणार कुठून? शाळेत न्यायचा तोच डबा, तीच बाटली, तेच बूट दोन-तीन आठवडे आधी घरी वापरायला द्या. आणि वेळ लागला तरी झाकण आपण उघडायचं नाही."

"ते शिकेल आपोआप. लिहिण्याचं बोला."

"लिहिण्याचंच बोलू," बालवाडीच्या ताई म्हणाल्या. "वहीतली एक ओळ 'ग'ने भरायला द्या आणि शेजारी बसून बघा. पहिला 'ग' बरा येतो, चौथा कलतो, आठव्याचा दंड, म्हणजे उभी रेघ, पार लांब पडतो. मूल दमतं, आणि त्यात ते तुमचा नमुना बघत नसतं, स्वतःचा आधीचा 'ग' बघून पुढचा काढतं. एकातली चूक दुसऱ्यात उतरत जाते. पान भरतं, पण सराव होतो बिघडलेल्या अक्षराचा. चारच काढू द्या. त्यातला सगळ्यात छान कुठला, त्याला गोल त्यालाच करू दे."

भाऊला हे पटलं, पण पूर्ण नाही. "पेन्सिलच नीट धरत नसेल तर?"

"तर पेन्सिल बाजूला ठेवा," ताई म्हणाल्या. "मनगटात आठ हाडं असतात, आणि सहाव्या वर्षी ती सगळी पक्की झालेली नसतात. मातीचा गोळा मळणं, कागद फाडून चिकटवणं, दोरीवर कपड्यांचे चिमटे लावणं, सरळ रेघेवर कात्री चालवणं, यातून बोटांत जोर येतो. रंगखडूचा दोन पेरांएवढा तुकडा हातात द्या. एवढासा तुकडा मुठीत धरून रेघ ओढताच येत नाही, मग अंगठा, तर्जनी आणि खाली मधलं बोट अशी पकड आपसूक बसते. कागद भिंतीवर चिकटवून उभ्याने चित्र काढू दे, खांद्यात बळ येतं. डावखुरा असेल तर हात बदलायला लावू नका, फक्त कागदाचं वरचं टोक थोडं उजवीकडे कलतं ठेवा."

"बरं, अंक? शंभरपर्यंत तर मुलं धडाधड म्हणतात."

"म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं," मास्तर सरसावले. "सात बुचं मांड आणि मोजायला सांग. मोजून झाल्यावर विचार, 'किती आहेत?' मूल परत एकपासून सुरू झालं, तर शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच एकूण, हे अजून कळलेलं नाही. मग तीच बुचं लांब लांब पसरव आणि विचार, 'आता किती?' बरीच मुलं 'जास्त' म्हणतात. रागवू नकोस, परत मोजू दे. आणि आपल्या भाषेतले आकडे तर आणखी अवघड. 'पंचवीस'मध्ये कानावर पाच आधी येतो, म्हणून हात 52 लिहून मोकळा होतो. 'एकोणतीस'मधला 'तीस' ऐकून 39 लिहिलं जातं. दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांध. दोन जुड्या, पाच सुट्या. आधी जुड्यांचा आकडा लिहायचा, मग सुट्यांचा. पहिलीच्या आधी वीसपर्यंत असं पक्कं झालं तरी भरपूर."

अक्षरांच्या क्रमावर मात्र मास्तर आणि ताईंचंच जुंपलं. मास्तर 'ग म भ न' एकत्र घ्या म्हणतात, कारण दंड सारखा, 'ग' वळला की पुढची अक्षरं हाताला सोपी जातात. ताईंचं म्हणणं, लिहायला ठीक, पण ओळखताना 'म' आणि 'भ' डोळ्यांना एकच वाटतात, तसेच 'घ' आणि 'ध'. एक पक्कं झाल्याशिवाय दुसरं दाखवू नये. यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही. दोघांचं जमलं ते एवढ्यावर, की अक्षर दाखवायच्या आधी आवाज कानात बसायला हवा. "'पाटी'तला 'पा' काढला तर काय उरलं?" हा खेळ चालता-बोलता होतो, वही लागत नाही.

भाऊने जाता जाता विचारलं, "आकडे उलटे काढत असेल तर?"

"या वयात चालतं. शेजारी सुलटा काढून दाखवायचा आणि पुढे जायचं," ताई म्हणाल्या. "वयाच्या सात-आठ वर्षांनंतरही तसंच राहिलं आणि वाचनही अडायला लागलं, तर तज्ज्ञांना दाखवा. डोळे आणि कान मात्र शाळेआधीच तपासून घ्या."

मास्तर उठता उठता थांबले. "आणि झोप! या वयाला रात्रीची नऊ-दहा तास तरी हवी. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी लवकर झोपवून काही होत नाही. तीन आठवडे आधीपासून, दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे घ्यायची. उठायची वेळही तशीच."