आयत आयता मिळत नाही

शाळेच्या वहीत आयत फार गरीब वाटतो. समोरासमोरच्या बाजू सारख्या, चारही कोन 90 अंशांचे, लांबी गुणिले रुंदी केली की क्षेत्रफळ हातात. त्या भरवशावर आपण पुस्तकांसाठी साधी चौकट जोडायला बसतो, आणि हा गरीब प्राणी आपली अक्कल काढतो.

पहिला घोटाळा जाडीचा. चौकट बाहेरून 80 बाय 60 सेंटिमीटर हवी आणि फळी 2 सेंटिमीटर जाड, तर आडव्या फळ्या 80 च्या, पण त्यांच्या मध्ये बसणाऱ्या उभ्या फळ्या 56 च्याच कापायच्या. उत्साही माणूस 60 च्या कापतो आणि 64 उंचीची चौकट घेऊन बसतो. कमी कापण्यापेक्षा हे बरं, असं मी म्हणेन. जास्तीचं छाटता तरी येतं.

मापं जमली तरी चौकट उभी करताच एका बाजूला झुकते, पान खाऊन गप्पा मारायला टेकल्यासारखी. यात तिचा दोष नाही. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरतो. चार बाजू ठरल्या तरी चौकोनाचे कोन ठरत नाहीत. कोपऱ्यात एकच स्क्रू मारला की तो बिजागरीचं काम करतो, आणि आपला आयत बाजूंचा मिलिमीटरही न बदलता समांतरभुज चौकोन होतो. टेपने बाजू कितीही वेळा मोजा, उत्तर 80 आणि 60 च. नजरेला एका अंशाचा कल दिसत नाही, आणि घरातली मंडळी "छान झालंय" म्हणतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नये.

विश्वास ठेवायचा तो कर्णांवर. 80 बाय 60 च्या आयताचे दोन्ही कर्ण बरोबर 100 भरतात (तीन-चार-पाच बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचीच ही मोठी भावंडं). चौकट एकच अंश कलली की एक कर्ण 100.8 होतो आणि दुसरा 99.2. नजरेला न दिसणारी चोरी टेपवर दीड सेंटिमीटरहून जास्त होऊन उघडी पडते! मग लांब कर्णाची दोन टोकं एकमेकांकडे दाबायची, पण फरकाच्या निम्म्यानेच, कारण हा आखडला की तो लांबतो. पूर्ण फरकाने दाबणारा माणूस चौकट दुसऱ्या बाजूला कलवतो, मग परत इकडे, आणि जेवायची वेळ होते.

एक फसगत मात्र सांगायला हवी. कर्ण सारखे भरले म्हणजे आयत झालाच असं नाही. वरची फळी 78 आणि खालची 82 कापली गेली, तर समद्विभुज समलंब चौकोनातही कर्ण सारखेच येतात. फक्त ते एकमेकांना मध्यावर छेदत नाहीत. म्हणून आधी समोरासमोरच्या बाजू, मग कर्ण. टेपचं टोक झिजलं असेल तर 10 च्या खुणेपासून मोजावं आणि शेवटी 10 वजा करावेत. हे वजा करायचं सगळे विसरतात, निदान एका कर्णाला तरी.

कर्ण जुळले की चौकट तशीच धरून मागे एक पट्टी तिरपी ठोकायची, किंवा सरळ प्लायवूडचा तक्ता मारायचा. पट्टीने चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि त्याची हालचाल बंद पडते.

एवढं करून काटकोनी मांडणी खोलीच्या कोपऱ्यात सरकवावी, तर पाठ भिंतीला चिकटते आणि कुशीला फट राहते. कोपरा 91 अंशांचा निघाला, तर 30 सेंटिमीटर खोल मांडणीपाशी ती फट पुढे अर्धा सेंटिमीटर भरते. तिच्यात पेन्सिल जात नाही, झुरळ जातं.