बांबू ‘गवत’ ठरला, म्हणून जंगलातला बांबूही मोकळा झाला का?

‘सरकारने बांबूला गवत ठरवले, आता तो कुठलाही तोडा, परवानगी लागत नाही’ असा संदेश सध्या फिरत आहे. त्यातला अर्धाच भाग खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे एखाद्या गरीब माणसावर वनगुन्हा दाखल होऊ शकतो, म्हणून हा खुलासा करणे आवश्यक वाटते.

भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 2(7) मधील ‘वृक्ष’ या व्याख्येत ताडामाडांबरोबर बांबूचाही समावेश होता. वनस्पतिशास्त्र बांबूला गवतच मानते. तरीही या एका शब्दामुळे शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर वाढवलेल्या बेटातले चार बांबू कापून बाजारात न्यायचे म्हटले, तरी परवाना आणि वाहतूक पास यांचा प्रश्न उभा राहत असे. 2017 च्या दुरुस्तीने तो शब्द वगळला आणि हा जाच योग्य रीतीने दूर झाला.

मात्र वृक्ष नसलेल्या वनस्पती, अगदी गवतसुद्धा, वनात आढळल्यास किंवा वनातून आणल्यास ‘वनउपज’च ठरतात, हे कलम 2(4) मध्ये स्पष्ट आहे. त्यामुळे वनक्षेत्रातील बांबूवरचे नियम कायम आहेत. तेथील हक्काची वाट वेगळी आहे: वनहक्क कायदा, 2006 बांबूला गौण वनउपज (म्हणजे इमारती लाकडाखेरीज वनातील वनस्पतीजन्य उत्पादन) मानतो आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला तो विकता येतो. गडचिरोलीतील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक पासांचा अधिकार मिळाला, तो याच कायद्याच्या आधारे.