पोटातली पिसं आणि एक आक्षेप

नमस्कार. मासे पक्षी खातात या माझ्या लिखाणावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, तेव्हा दोन ओळींत बोळवण करत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शार्कच्या पोटात पिसं सापडली म्हणून त्याने पक्षी मारला असं ठरत नाही, मेलेला पक्षीही त्याने गिळला असेल. आणि मासा उडता पक्षी धरतो ही निव्वळ कॅमेऱ्याची करामत.

पहिली शंका रास्त आहे. मेक्सिकोच्या आखातात सागरी जीवशास्त्रज्ञ मार्कस ड्रायमन आणि सहकाऱ्यांनी २०१० ते २०१८ या काळात १०५ टायगर शार्क तपासले. ४१ शार्कच्या पोटात पक्ष्यांचे अवशेष निघाले. डीएनएवरून ११ जाती ओळखता आल्या आणि त्यांत समुद्रपक्षी एकही नाही! माळभिंगरी, होला, वारकरी अशी सगळी जमिनीवरची नाहीतर तळ्याकाठची मंडळी. माळभिंगरीवर शार्कने झेप घेतली असं मीही म्हणत नाही. स्थलांतरात वादळाने दमून पाण्यात कोसळलेला पक्षी त्याला आयता मिळतो, जिवंत किंवा मेलेला. मला महत्त्वाचं वाटलं ते वेळापत्रक. जी जात किनाऱ्यावर ज्या दिवसांत सर्वाधिक दिसते, तीच त्या सुमारास शार्कच्या पोटात सापडते.

पण हवाईच्या वायव्येकडच्या फ्रेंच फ्रिगेट शोल्स या प्रवाळबेटावर 'मेलेला असेल' हे चालत नाही. तिथे जून-जुलैत अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची पिल्लं पहिलं उड्डाण करतात आणि नेमके तेव्हाच टायगर शार्क उथळ पाण्यात जमतात. वारा पडला की पिल्लाला उंची गाठता येत नाही, ते पाण्यावर बसतं. शार्क येतो आणि बऱ्याचदा चुकतो! त्याच्या रुंद, बोथट मुस्काटापुढे पाण्याची लाट उठते आणि हलकं पिल्लू तिच्यासरशी बाजूला ढकललं जातं. पिल्लू चोच मारतं, पंख आपटतं, कधी निसटतंही. मेलेल्या पक्ष्यासाठी एवढी झटापट कोण करेल?

आता उडत्या पक्ष्याकडे येऊ. सेशेल्समधल्या फारक्वार प्रवाळबेटावर जायंट ट्रेव्हाली हा मासा सूटी टर्न हा समुद्रपक्षी पकडतो. २०१७च्या 'ब्लू प्लॅनेट २' या बीबीसीच्या माहितीपट मालिकेत हे दिसलं. त्याआधी मच्छीमार ते सांगत आणि ऐकणारे थापा समजत. चित्रीकरणाचा वेग मंद केलाय, हे कबूल, पण त्यामुळे पक्षी माशाच्या तोंडात जात नाही. सूटी टर्नची पिसं पाण्यात भिजतात, म्हणून तो पाण्यावर सहसा बसत नाही. नवशिकी पिल्लं मात्र पृष्ठभागालगत उडतात. मासा खालून पाठलाग करतो आणि पाण्याबाहेर झेप घेतो. पाण्यातून वर बघताना प्रकाश वाकतो, पक्षी असतो एकीकडे आणि दिसतो दुसरीकडे. तरी त्याचा नेम लागतो, याचं मला अजून नवल वाटतं.

शार्कला मी खलनायक करतोय, हा आरोप मात्र मान्य नाही. पक्ष्यांना माणूसही मारतो: लाँगलाइन मासेमारीत, म्हणजे लांबलचक दोरीला असंख्य गळ लावून केलेल्या मासेमारीत, त्या गळांना अडकून दरवर्षी किमान १,६०,००० समुद्रपक्षी मरतात असा अंदाज आहे.

आणि पिसांवरून शिकार जास्त मोजली जाते असं तुम्ही म्हणता, तर त्याची उलट बाजूही पाहा. दक्षिण आफ्रिकेत ग्रेट व्हाइट शार्क पेंग्विनला चावतो आणि बहुतेकदा न खाताच सोडून देतो. जखमी किंवा मेलेले पेंग्विन किनाऱ्यावर सापडतात, शार्कचं पोट रिकामंच. नुसती पोटं तपासली तर हे पेंग्विन हिशेबात येतच नाहीत.