‘पोरगी पुण्यात टिकायची नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बार्शीहून माझ्या चुलतभावाचा, दादाचा फोन आला. त्याच्या मुलीला पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॅप राउंडला, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, सीट लागलीय आणि कॉलेजात हजर व्हायची मुदत चार दिवसांवर आलीय. फोनच्या आधी त्यानं एक मेसेज पुढे ढकलला होता: ‘पोरांना पुण्याला पाठवताय? आधी हे वाचा.’ ॲडमिशनच्या हंगामात हा दरवर्षी गावोगावच्या ग्रुपवर फिरतो. खाली सही ‘एक अनुभवी पालक’. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: मराठी माध्यमाची मुलं पहिल्याच वर्षी गळतात. घरची आठवण काढणारं पोर कच्चं, त्याला तीन महिने गावी येऊ देऊ नका. पंधरा दिवसांत ग्रुप जमला नाही तर चार वर्षं एकटं काढावी लागतात. रॅगिंग थोडं सोसावं, तक्रार केली की करिअर संपतं. आणि महिन्याला 25 हजार नसतील तर पुण्याचा नादच सोडा.

मी पहिल्या वर्षाच्या मुलांना वर्कशॉप शिकवते. 1998 साली मीसुद्धा पत्र्याची ट्रंक घेऊन बार्शीच्या एसटीनंच इथं आले होते. दादाला फोनवर अर्धंच सांगता आलं, उरलेलं इथं लिहिते.

मराठी माध्यमाचं आधी. हा मेसेज लिहिणाऱ्याला एक साधी गोष्ट माहीत नाही असं दिसतं: आपल्याकडे अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीतूनच होतं. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं पोर आमच्या वर्गात बसतं तेव्हा त्यानं दोन वर्षं इंग्रजी पुस्तकांशी झटापट केलेली असते. वाचायला ते अडत नाही. अडतं ते तोंड उघडायला.

मागे एका व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, जत तालुक्यातला मुलगा समोर होता. परीक्षकांनी विचारलं, ‘व्हॉट इज द फंक्शन ऑफ टेलस्टॉक?’ पोरगं गप्प. कानाच्या पाळ्या लाल. मी म्हटलं, ‘अरे, लेथला टेलस्टॉक कशाला लागतो?’ तर लगेच म्हणाला, ‘लांब जॉब असला की दुसऱ्या टोकानं धरायला, मॅडम. न्हायतर त्यो थरथरतो, मग माप चुकतंय.’ जॉब म्हणजे लेथवर फिरवून कातायचा तुकडा. माप चुकतं हे त्याला आम्ही शिकवलं नव्हतं. काकाच्या गॅरेजमध्ये लेथवर उभं राहून आलं होतं ते. त्याला म्हटलं, आता हेच इंग्रजीत सांग. ‘टू सपोर्ट लाँग जॉब.’ चार शब्द. व्याकरण काठावर पास, पण परीक्षकांनी मान हलवली आणि मार्क दिले.

त्याची एम-वनला, म्हणजे पहिल्या सेमिस्टरच्या गणिताला, केटी राहिली, म्हणजे विषय सुटला नाही, हे खरं. पण एम-वनला केटी शहरातल्या इंग्रजी शाळेतून आलेल्यांचीही राहते, आणि त्याचं कारण भाषा नाही. सीईटी या प्रवेश परीक्षेसाठी दोन वर्षं चार पर्यायांतून एक निवडायची सवय लागलेली असते. इथं उत्तरापेक्षा पायऱ्यांना मार्क. गणित येतं, पण कागदावर शेवटपर्यंत लिहायची सवयच मोडलेली असते. ज्यांनी रोज एक गणित वहीत पूर्ण सोडवलं, ती मुलं दिवाळीपर्यंत रुळलेली मी पाहिलीत, मग शाळा कुठलीही असो.

आता घरची आठवण. मेसेजमधला हा सल्ला मला सगळ्यात वाईट वाटला, कारण तो शहाणपणाचा आव आणतो. होस्टेलच्या जिन्यात संध्याकाळी सात ते नऊ या वेळात जाऊन बघा. प्रत्येक पायरीवर एक मुलगी फोन कानाला लावून. ‘जेवले गं’, ‘हो, बरी आहे’, आणि मग भिंतीकडे तोंड. यातल्या काही जणी पुढे वर्गात पहिल्या येतात. आठवण येण्याचा आणि कच्चेपणाचा काही संबंध मला आजवर दिसलेला नाही. शिवाय वर्ग सुरू होऊन जेमतेम काही आठवडे झाले की गणपती येतात. घरी आरती चालू असताना पोरीला मुद्दाम होस्टेलवर ठेवून ती कशी काय पक्की होणार, ते त्या अनुभवी पालकांनाच विचारायला हवं.

मी आले तेव्हा आई दर शनिवारी सकाळच्या एसटीत कंडक्टरच्या ओळखीनं डबा द्यायची. कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी, आठवडाभर टिकणारी. दुपारी स्वारगेटला जाऊन गाडीची वाट बघत उभी राहायचे. एकदा गाडी तीन तास उशिरा आली. तिथंच बाकावर बसून भाकरी मोडली आणि रडले. सोमवारी प्रॅक्टिकलला होतेच. मात्र एक सांगते. महिना-दीड महिना उलटला तरी पोर जेवत नसेल, झोपत नसेल, वर्गाला जात नसेल, तर ते नुसत्या आठवणीच्या पलीकडचं आहे. तेव्हा ‘घट्ट हो’ म्हणून फोन ठेवू नका. या, भेटा, डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्या.

ग्रुपचं काय ते दोन ओळींत. पहिल्या पंधरवड्यातला ग्रुप म्हणजे शेजारच्या रोल नंबरची माणसं. पहिल्या सबमिशनला कुणी जर्नल (प्रॅक्टिकलची वही) दिली आणि कुणी लपवली, यावर तो मोडतो आणि दुसरा जमतो.

रॅगिंगबद्दल मात्र मेसेज सरळसरळ घातक आहे. सोसून कुणी निबर होत नाही. 2009 मध्ये हिमाचल प्रदेशात अमन काचरू हा मेडिकलचा विद्यार्थी रॅगिंगच्या मारहाणीत गेला, त्यानंतर त्याच वर्षी यूजीसीनं देशभरासाठी नियम केले. महाराष्ट्राचा कायदा तर त्याच्याही आधीचा, 1999 चा. दोन वर्षांपर्यंत कैद, 10 हजारांपर्यंत दंड आणि दोषी विद्यार्थ्याला पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश नाही. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करणं संस्थाप्रमुखाचं काम आहे, आणि त्यानं दुर्लक्ष केलं तर त्यालाही गुन्ह्याला साथ दिल्याचं धरलं जातं. म्हणजे करिअर संपायची भीती कुणाला हवी, ते बघा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. 1800-180-5522 हा हेल्पलाइन नंबर पोरीच्या फोनमध्ये आजच टाकून द्या.

राहिला पैसा. इथं मी मेसेजला उडवून लावणार नाही. पुणं महाग आहे. पण 25 हजार हा आकडा स्वतंत्र फ्लॅट आणि बाहेरचं खाणं धरून काढलेला दिसतो. आमची बहुतेक मुलं कॉट बेसिसवर, म्हणजे वाटून घेतलेल्या खोलीत एका खाटेचं भाडं भरून, राहतात, मेस लावतात आणि त्याच्या निम्म्याच्या आसपास भागवतात. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. याच उत्पन्नमर्यादेत मुलींना तर 2024 च्या निर्णयानं ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालंय. आणखी एक अट लक्षात ठेवा: प्रवेश कॅपमधून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. अनुसूचित जातीच्या मुलांना सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60 हजारांपर्यंत मिळतात. 1955 साली अच्युतराव आपट्यांनी उभी केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती गावाकडच्या मुलामुलींना आजही अल्प खर्चात राहायला-जेवायला देते.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे, पैसे उशिरा येतात. वसतिगृहाच्या याद्या लागेपर्यंत पहिली सेमिस्टर अर्धी सरलेली असते. डिपॉझिट मात्र पहिल्याच दिवशी. पहिल्या चार-सहा महिन्यांची सोय हातात ठेवा, हा सल्ला कुणी दिला असता तर मी स्वतः तो मेसेज पुढे पाठवला असता.

गावाकडचं पोर बुद्धीत मागे नाही, त्याचं अडतं ते राहण्या-जेवण्यापाशी, हे शाहू महाराजांना 1901 मध्ये कळलं होतं. त्यांनी कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढे एकेका समाजासाठी बोर्डिंगांची रांगच लावली. त्यांनी पोरांना ‘घट्ट व्हा’ असं सांगितल्याचं काही ऐकिवात नाही.

दादा, रविवारच्या गाडीनं या. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आणि जातीच्या दाखल्याची मूळ प्रत सोबत आणा, झेरॉक्सचे तीन-तीन संच करा. खोली मिळेपर्यंत पोरगी माझ्याकडे राहील. आणि वहिनीला सांग, शेंगाची चटणी दोन डबे दे, एक माझा.