‘चोचले’ या शब्दाबद्दल, आणि थोडं कॉफीच्या मापाबद्दल

नमस्कार.

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून नुसतंच ‘तुम्ही’ म्हणतो. कॉफी काट्यावर तोलून करा, असं सांगणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया अशी : “कॉफी काट्यावर तोलणं हे बांद्र्याच्या कॅफेवाल्यांचे चोचले. आमची आई आयुष्यभर अंदाजाने करत आली, कधी बिघडली नाही. तुमच्या १:१५ ने माझी फिल्टर कॉफी पाणी झाली. आणि पूड किती जाड दळायची ते न सांगता हे आकडे काय कामाचे?”

आधी माझी चूक. १ ग्रॅम पुडीला १५ ग्रॅम पाणी हे माप फ्रेंच प्रेसचं (दट्ट्याने पूड खाली दाबायचं भांडं) आणि पोअर-ओव्हरचं (गाळणीतल्या पुडीवर वरून पाणी ओतायची पद्धत). साउथ इंडियन फिल्टरमध्ये आपण डिकॉक्शन, म्हणजे दाट अर्क, काढतो. तिथे २० ग्रॅम पुडीला १००-१२० मिली पाणी पुरतं, बाकीचं दूध. हे मी स्वतंत्र लिहायला हवं होतं, राहिलं. मान्य. पण त्या परिच्छेदावर ‘फ्रेंच प्रेस’ असं ठळक लिहिलेलं होतं. तेवढं वाचून मग पाणी ओतलं असतंत तर बरं झालं असतं.

आता ‘चोचले’. हा शब्द मला लागला. मी लालबागच्या चाळीत वाढलो. घरात चहाच; कॉफी व्हायची ती कुणी आजारी पडलं तर, दुधात उकळून, वर जायफळ किसून. खरी कॉफी मी प्यायलो माटुंग्याला, वडिलांच्या कारखान्यातल्या एका तमिळ सहकाऱ्यांच्या घरी. त्यांच्या पत्नीला आम्ही मामी म्हणायचो. महिन्याची पूड पगार झाला की यायची आणि ती महिनाभर पुरवायची असायची, त्यामुळे चमचाभर सांडली तरी मामींचा चेहरा उतरायचा. पूड एकाच दुकानातली, भाजणी तीच, चिकोरी (कॉफीत मिसळायची भाजलेल्या मुळाची पूड) ठरलेली. चमचा एकच, पितळेचा, वरून बोटाने सपाट केलेला. पाण्याचा पेलाही ठरलेला. विचारलं की मामी ‘अंदाजाने’ म्हणत, आणि करत मात्र मापाने. तुमच्या आईही तशाच करत असणार, म्हणूनच त्यांची कॉफी बिघडत नाही. त्यांचा दाखला कृपा करून माझ्याविरुद्ध देऊ नका.

हे सगळं ठरलेलं असतं तोवर चमचा चालतो. आज आपण एकदा चिकमगळूरची हलक्या भाजणीची पूड आणतो, एकदा कुर्गची गडद. गडद भाजलेला दाणा जास्त फुगतो आणि वजनाला हलका होतो. माझ्या घरी एकाच सपाट चमच्यात एक पूड ५ ग्रॅम भरली, दुसरी साडेसहा. तीन चमच्यांत साडेचार ग्रॅमचा फरक! तेवढ्याने कप कडू होतो नाहीतर पुळकवणी, आणि बिचाऱ्या करणाऱ्याला वाटतं आपल्या हाताला चव नाही. ज्यांना मामींचा हात मिळालेला नाही त्यांच्यासाठी मी काटा सांगितला. तो मी लोहार चाळीच्या बाजारातून घेतला, बांद्र्यात दोन कप कॉफीचे जेवढे होतात तेवढ्यात. सहा वर्षं झाली, अजून चालतोय. यात चोचला कुठला ते मला खरंच सांगा. मला तर पूड वाया घालवणं हा चोचला वाटतो.

आणि त्याच लेखात मी लिहिलं होतं की मोका पॉटला (वाफेच्या दाबाने कॉफी करायचं भांडं) काटा लागत नाही : खालच्या भांड्यात वाफेच्या व्हॉल्व्हच्या खालपर्यंत पाणी, वरची चाळणी पुडीने भरायची, दाबायची नाही. भांडंच माप ठरवतं. काटा विकायचा असता तर हे कशाला लिहिलं असतं?

दळण हा वेगळा विषय आहे, इथे नको.

एका दुसऱ्या वाचकाने सौम्यपणे विचारलं होतं की फ्रेंच प्रेसमध्ये ४५० मिली पाणी घालून कपात ३९०च का येतं. ३० ग्रॅम पूड आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून. प्रश्न असाही विचारता येतो.

फिल्टरचं माप आज रात्री लेखात घालतो. आईंचा चमचा घरात असेल तर त्यांच्या नेहमीच्या पुडीने सपाट भरून एकदा तोला आणि आकडा इथे लिहा. नावानिशी लिहिलंत तर आवडेल.