तक्रार करणाऱ्याच्या घरात सुख टिकत नाही म्हणे!

माझी आत्या कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. ती जिथं स्वयंपाकाला जाते तिथं तिचे दोन महिन्यांचे पैसे थकलेत. तीनदा मागून झाले. परवा विचारलं तर म्हणाली, "जाऊ दे की गं. तेच तेच काय सांगत बसायचं? मोबाईलवर आलंय बघ, तक्रार करणाऱ्याच्या घरात सुख टिकत नाही. मी आता काय बोलणार नाही."

तो मेसेज वाचला आणि डोकं तापलं. त्यात म्हटलंय : ‘तक्रार’ शब्द अरबी, अर्थ ‘पुन्हा पुन्हा तेच’. मराठीत असा शब्दच नव्हता, कारण आपली माणसं सोसणारी. आणि ‘गाऱ्हाणं’ आलं ‘गारा’वरून, जो गाऱ्हाणं सांगतो त्याच्या संसारावर गारा पडतात. वर उपायही दिलाय : ‘सात दिवस तक्रार बंद’.

गारांचंच आधी घेते. ‘गारा’त नसलेला ‘ह’ गाऱ्हाण्यात कुठून आला, एवढं तरी लिहिणाऱ्यानं स्वतःला विचारायचं! तो ‘गर्हणा’ या संस्कृत शब्दातला आहे. गर्हणा म्हणजे निंदा, दोष देणं. आपण ‘गर्हणीय कृत्य’ म्हणतो तेच हे. चूक ज्याची त्याच्याकडे बोट दाखवायचं, हे या शब्दाच्या मुळातच आहे. आणि गगनबावड्याचा घाट उतरून खाली कोकणात जा. तिथं गाऱ्हाणं थेट ग्रामदेवतेपुढं घालतात. एकजण बोलतो, जमलेले सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणून त्याच्या पाठीशी उभे राहतात. अशुभ असतं तर देवळात घातलं असतं का?

शब्द नव्हता म्हणणाऱ्यानं मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश उघडावा. गाऱ्हाणं आहे, कागाळी आहे, फिर्याद आहे. गवळणींतल्या गौळणी यशोदेकडं काय घेऊन जातात? कृष्णाचं गाऱ्हाणंच. फिर्याद फारसी आहे, दादही फारसी, आणि ‘दाद’ म्हणजे न्याय. न्याय मागायला शब्द बाहेरून घेतला म्हणून मागणाऱ्याचं दुःख परकं होत नाही.

एक गोष्ट खरी आहे, ती नाइलाजानं मान्य करते. ‘तक्रार’ अरबीच, आणि तिकडं त्याचा अर्थ पुनरावृत्ती हाच. पण मराठीत कुणी नुसत्या पुनरावृत्तीला तक्रार म्हणत नाही. आणि तेच तेच सांगणं एवढं वाईट? उच्च न्यायालयाचं खंडपीठ कोल्हापुरात हवं, ही मागणी इथल्या वकिलांनी किती दशकं केली! मोर्चे, धरणं, निवेदनं, तीच मागणी पुन्हा पुन्हा. 2025 च्या ऑगस्टमध्ये इथं सर्किट बेंच, म्हणजे उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ, सुरू झालं, सहा जिल्ह्यांसाठी. एकदा सांगून गप्प बसले असते तर सिंधुदुर्गातला पक्षकार आजही तारखेसाठी मुंबईच गाठत असता.

‘सात दिवस तक्रार बंद’ या उपायावर शब्द खर्च करत नाही. ज्यानं पैसे थकवलेत त्याचीच त्यानं सोय होते.

उद्या सकाळी मी आत्याबरोबर जाते आहे. चौथ्यांदा मागायला.