गिलिआड चालवायचंय? मग बँकेपासून सुरुवात करा

बायकांना एकदाचं ताळ्यावर आणायचं ठरवलंत ना? अभिनंदन. नव्याने डोकं शिणवायची गरज नाही. मार्गारेट अ‍ॅटवूडबाईंनी 1985 साली 'द हँडमेड्स टेल' या कादंबरीत गिलिआड नावाचं अख्खं राज्य उभारून दाखवलंय, तेही अमेरिकेत, हार्वर्ड विद्यापीठाच्या आवारात. तुम्ही फक्त क्रम चुकवू नका.

उत्साही मंडळी पदर-पडद्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. आधी पैसा. गिलिआडवाल्यांनी रोकड बाद होऊन सगळे व्यवहार संगणकावर गेल्याचा नेमका फायदा उचलला. बायकांची खाती गोठवली, नोकऱ्या त्याच दिवशी काढल्या आणि शिल्लक नवऱ्याच्या किंवा जवळच्या पुरुष नातलगाच्या हवाली केली. कपडे नंतर. नवरा त्या संध्याकाळी म्हणेल, "काळजी करू नकोस, मी आहे ना." म्हणू द्या. शंभर बंदूकवाले जे करू शकणार नाहीत ते हे वाक्य करतं, आणि बिचारा ते अगदी मनापासून म्हणतो.

मग रंग वाटा. कमांडरच्या, म्हणजे राज्य चालवणाऱ्या बड्या अधिकाऱ्याच्या, पत्नीला निळा, रांधणाऱ्या मार्थाला हिरवा, मुलं जन्माला घालणाऱ्या दासीला लाल. गरिबाच्या बायकोला तिन्ही कामं एकटीनेच उरकायची असतात, म्हणून तिला तिन्ही रंगांचे पट्टे. पहाऱ्याला पुरुष नेमू नका. तपकिरी कपड्यांतल्या 'आंटी' नेमा. त्यांच्या कमरेला गुरं हाकायचा विजेचा दांडा द्या, बंदूक मात्र नको. विश्वास असला तरी इतका नसावा.

दासीचं नाव पुसा. फ्रेड नावाच्या कमांडरच्या घरी आहे म्हणून ती 'ऑफ्रेड', म्हणजे फ्रेडची. मराठी वाचकाला हे फोडून सांगायला नको. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव कोरायची हौस आपल्याकडे आहेच. गिलिआडने तांदूळ वाचवले इतकंच. सोय पाहा: बाजाराला सोबत येणारी ऑफग्लेन एके दिवशी नाहीशी होते, तिच्या जागी दुसरीच बाई उभी असते, आणि तीही ऑफग्लेन. पाटी तीच, भाडेकरू नवा.

अक्षरं बंद करा. दुकानांच्या पाट्यांवर चित्रं, पैशांऐवजी अंड्या-चीजची चित्रं असलेले टोकन. बायबल पेटीत कुलूपबंद, किल्ली कमांडरकडे.

आता बिघाड कुठे होतो ते. कायद्याने पुरुष वांझ नसतोच, वांझ फक्त बाई. त्यामुळे महिन्याच्या महिन्याला कमांडरपासून दासीला मूल राहावं म्हणून विधी होतो. दासीचं डोकं पत्नीच्या पोटावर, दोघींचे हात एकमेकींत, सगळं शास्त्रोक्त. तरी पाळणा हलत नाही. मग कमांडरची पत्नीच गुपचूप ड्रायव्हरची योजना करते! नियम करणाऱ्याच्याच घरात नियमाला भोक पडतं. तिकडे अक्षरबंदी घालणारे कमांडरसाहेब रात्री दासीला अभ्यासिकेत बोलावतात. तुम्हाला वाटेल, काहीतरी भलतंच. त्यांना स्क्रॅबल, म्हणजे अक्षरं जुळवून शब्द बनवायचा खेळ, खेळायचा असतो.

खोलीची तपासणी नीट ठेवा. आधीच्या दासीने गळफास घेतला तेव्हा कुठे छताचा दिवा काढून गिलावा झाला. खिडकी पुरती उघडत नाही, काच फुटत नाही. पण कपाटाच्या तळाशी तिने कोरलेली ओळ कोणाच्या नजरेला पडली नव्हती. पुढच्या दासीला ती बरोबर सापडली.

आणि बूट. दासींना क्रीम मिळत नाही, कारण त्यांच्या कातडीचा राज्याला उपयोग नसतो. म्हणून जेवणातली लोण्याची चकती कागदी रुमालात लपेटून जादा जोडातल्या बुटाच्या टोकात दडवली जाते आणि रात्री अंधारात चेहऱ्याला चोळली जाते. तेव्हा जादा जोड अधूनमधून झटकून बघा. आतून खवट वास आला तर समजा, अजून बरंच काम बाकी आहे.